हेर की क्युरेटर? रोझ व्हालाँ यांच्या कारकिर्दीबद्दल

प्रश्न थोडक्यात असा: 'म्युझिऑलॉजीच्या पदविकेसाठी एका परदेशी क्युरेटरच्या कारकिर्दीवर निबंध लिहायचा आहे. मी फ्रान्सच्या रोझ व्हालाँ निवडल्या. पण जिथे बघावं तिथे त्यांचा उल्लेख हेर म्हणूनच सापडतो. त्या खरंच क्युरेटर होत्या का? शिक्षण काय, नोकरी काय, पद काय? आणि घरचे विचारतात तसं मीही विचारते, या क्षेत्रात करिअर म्हणून काही असतं का?'

आधी सरळ उत्तर देते. हो, होत्या. पण क्युरेटर, म्हणजे संग्रहालयातल्या संग्रहाची जबाबदारी असलेला अधिकारी, हे पद त्यांना मिळालं 1952 साली, पन्नाशी उलटल्यावर. दुसऱ्या महायुद्धात पॅरिस जर्मनांच्या ताब्यात होतं, तेव्हा नाझी लुटत असलेल्या कलावस्तूंची नोंद त्यांनी ठेवली. ज्या चार वर्षांसाठी जग त्यांना ओळखतं, त्या चार वर्षांत त्या कागदोपत्री क्युरेटर नव्हत्या. हेर म्हणाल तर तशाही नव्हत्या. कोणत्या हेरखात्याने त्यांना नेमलं नव्हतं. शत्रूच्या ताब्यातल्या एका इमारतीत राहून त्या ॲक्सेशन रजिस्टर, म्हणजे आत येणाऱ्या प्रत्येक वस्तूची नोंदवही, लिहीत होत्या. फक्त ते लपवून लिहावं लागत होतं, एवढाच फरक.

माझी सगळी नोकरी रजिस्टरं, जागापत्रकं आणि खोक्यांवरच्या चिठ्ठ्या यांच्यात गेली. त्यामुळे हे उत्तर जरा कारकुनी वाटेल. वाटू दे. व्हालाँबाईंची गोष्ट कारकुनी नजरेनेच जास्त कळते, असं माझं मत आहे.

जन्म 1 नोव्हेंबर 1898चा. आग्नेय फ्रान्समध्ये ग्रनोब्ल शहराजवळ इझेर जिल्ह्यात सँतेत्येन-द-सँ-झ्वार नावाचं गाव आहे, तिथला. वडील नालबंद. घरात चित्रं, पुस्तकं, ओळखीपाळखी असलं काही नाही. अशा घरातली हुशार मुलगी त्या काळी जे करायची तेच त्यांनी केलं: ग्रनोब्लच्या अध्यापिका विद्यालयात शिक्षिकेचं शिक्षण घेतलं. चित्रकलेत गती होती म्हणून पुढे लियोंच्या कलाशाळेत गेल्या, 1922 साली पॅरिसच्या राष्ट्रीय कलाशाळेत. इथवरची वाट चित्रकला शिक्षिकेची आहे. पुढचं वळण त्यांनी स्वतः घेतलं. एकोल द्यू लूव्र ही पॅरिसच्या लूव्र संग्रहालयातलीच शाळा, 1882 साली स्थापन झालेली, संग्रहालयात काम करणारी माणसं घडवणारी. तिथे त्यांनी कला-इतिहासाचा अभ्यास केला. शिवाय पॅरिस विद्यापीठाची कला आणि पुरातत्त्व संस्था, आणि एकोल प्रातिक दे होत एत्यूद ही संशोधनसंस्था. अभ्यासाचा विषय जोत्तोच्या काळापर्यंतची इटालियन चित्रकला. म्हणजे तिशी ओलांडली तेव्हा गाठीशी इतक्या पदव्या, की आजही कोणी अर्ज केला तर मुलाखतीचं बोलावणं नक्की.

आणि नोकरी? 1932 साली त्या झ द पोम या संग्रहालयात विनावेतन साहाय्यक म्हणून लागल्या. विनावेतन हा शब्द पुन्हा वाचा, कारण पगार सुरू झाला 1941 साली. नऊ वर्षं. आपल्याकडे इंटर्नशिपच्या नावाखाली सहा महिने राबवून घेतलं की मुली रडकुंडीला येतात. त्यांचं रडणं रास्तच आहे, पण या नऊ वर्षांचा हिशेब मनात असू द्या. वरची पदं तेव्हा पुरुषांची, आणि घरचं पाठबळ असलेल्या पुरुषांची. बाईंकडे यातलं काहीच नव्हतं.

झ द पोम म्हणजे त्वीलरी बागेच्या कोपऱ्यातली लांबट इमारत. टेनिसचा पूर्वज म्हणावा असा एक जुना फ्रेंच खेळ आहे, त्याच्यासाठी तिसऱ्या नेपोलियनच्या काळात बांधलेली. खेळाचंच नाव इमारतीला पडलं. तिथे परदेशी समकालीन कलेचं संग्रहालय होतं. व्हालाँबाई प्रदर्शनांची जुळवाजुळव करायच्या, याद्या करायच्या, कॅटलॉगसाठी लिहायच्या. मुख्य क्युरेटर आंद्रे देझारवा. पण युद्ध सुरू होईपर्यंत रोजचा कारभार बराचसा बाईंच्याच अंगावर आला होता. पद नाही, पगार नाही, किल्ल्या मात्र हातात. संग्रहालयात काम केलेल्या कुणालाही हे चित्र ओळखीचं वाटेल.

युद्धाची चाहूल लागली तशी 1939च्या ऑगस्टअखेर फ्रेंच राष्ट्रीय संग्रहालयांनी वस्तू हलवायला घेतल्या. त्या कामाचे सूत्रधार या संग्रहालयांचे वरिष्ठ अधिकारी झाक झोझार. लूव्र रिकामं झालं; खोक्यांवर महत्त्वाप्रमाणे रंगीत ठिपके, मोनालिसाच्या खोक्यावर तीन लाल. सगळं शांबोरच्या गढीकडे आणि तिथून आणखी आत, खेड्यापाड्यांतल्या गढ्यांमध्ये. सरकारी संग्रह त्यामुळे बराचसा वाचला. खरा घाला पडला तो खासगी संग्रहांवर, त्यातही ज्यू कुटुंबांच्या: रॉथ्सचाइल्ड, दाव्हिद-व्हेय, पॉल रोझनबर्ग, आल्फाँस कान, सेलिगमान. घरं फोडली गेली, बँकांच्या तिजोऱ्या उघडल्या गेल्या, आणि माल ठेवायला जागा पाहिजे म्हणून 1940च्या ऑक्टोबरअखेर झ द पोम ताब्यात घेतलं गेलं. हे काम नाझी पक्षाचा नेता आल्फ्रेड रोझेनबर्ग याच्या नावाच्या एका खास पथकाकडे होतं. (हा रोझेनबर्ग लुटारू; वरचा रोझनबर्ग लुटला गेलेला पॅरिसचा चित्रविक्रेता. निबंधात गल्लत करू नका, परीक्षक हमखास तिथेच बोट ठेवतात.)

झोझार यांची अट होती की आत येणाऱ्या मालाची फ्रेंच बाजूनेही समांतर यादी होईल. त्यांना आधी होकार मिळाला होता. व्हालाँबाई वही घेऊन बसल्या आणि पहिल्या दिवसांतच ती वही बंद करायला लावली गेली. उघड यादीचा तो शेवट. मग झोझार यांनी बाईंना सांगितलं की काहीही करून इथेच राहा. राहण्याला कारण काय, तर इमारतीची देखभाल: बॉयलर, दिवे, पहारेकरी, संग्रहालयाचा तळघरातला स्वतःचा संग्रह. जर्मन अधिकाऱ्यांच्या नजरेत त्या केस मागे बांधलेल्या, चष्मा लावणाऱ्या, साध्या कपड्यांतल्या एक चाळिशीच्या कर्मचारी होत्या. त्यांना जर्मन बऱ्यापैकी समजतं, हे त्यांनी कुणाला कळू दिलं नाही. ताकास तूर लागू न देणं म्हणतात ते हे, आणि ते चार वर्षं.

आता त्यांनी नेमकं टिपलं काय, ते बघा. निबंधाचा गाभा इथे आहे. अमुक दिवशी इतकी खोकी आली. कुणाच्या संग्रहातली. खोक्यांवर कोणती खूण. कोण बघायला आलं, कोणतं चित्र कुणासाठी बाजूला काढलं. कधी बाहेर गेलं, कुठल्या पत्त्यावर. कचऱ्याच्या टोपलीतले वापरलेले कार्बन पेपर त्यांनी वाचले. छायाचित्रांच्या निगेटिव्ह रात्री बाहेर नेऊन छापून घेतल्या आणि सकाळी जागच्या जागी ठेवल्या. पहारेकरी, खोकी भरणारे, ट्रकचालक यांच्या बोलण्यातून गावांची नावं वेचली. टिपणं झोझार यांच्याकडे जायची. मधला दुवा त्यांच्या सचिव झाकलीन बुशो-सोपीक. ते कागद वाचताना शैलीचं विवेचन, रसग्रहण असलं काही शोधू नका. वस्तू काय, कुणाची, कुठून आली, कुठे गेली. ॲक्सेशन रजिस्टर आणि मूव्हमेंट रजिस्टर (वस्तू कुठून कुठे हलली याची वही) मिळून जे चार रकाने होतात, तेच हे चार रकाने.

आणि हे काम करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या, ही या गोष्टीतली सगळ्यात अस्वस्थ करणारी बाब. लुटारूंकडेही रजिस्टर होतं, आणि ते उत्तम होतं. त्या पथकात शिकलेले कला-इतिहासकार होते, छायाचित्रकार होते. प्रत्येक वस्तूला संग्रहाचं आद्याक्षर आणि अनुक्रमांक: रॉथ्सचाइल्डसाठी 'आर', आल्फाँस कान यांच्यासाठी 'केए', मालक माहीत नसेल तर 'अज्ञात' या अर्थाच्या जर्मन शब्दाची अक्षरं. 1944च्या जुलैपर्यंतचा त्यांचा स्वतःचा हिशेब 203 संग्रहांतल्या 21,903 वस्तूंचा, जर्मनीला रवाना केलेल्या 4,174 खोक्यांचा. ब्रूनो लोझे हा तिथला एक प्रमुख माणूस, हिटलरचा जवळचा सहकारी गोरिंग याच्यासाठी चित्रं निवडणारा. तोही कला-इतिहासात डॉक्टरेट मिळवलेला. एकदा बाई पत्ते वाचताना त्याच्या तावडीत सापडल्या, तेव्हा असल्या आगाऊपणापायी जीव जाऊ शकतो हे त्याने ऐकवलं. दोघांचा विषय एक, पद्धत एक, बहुतेक वाचलेली पुस्तकंही तीच. विद्यार्थ्यांना मी विचारते, मग फरक कुठे राहिला? 'नीतीत' असं उत्तर येतं. ते बरोबरच आहे, पण फार सोपं आहे. फरक 'कुणाची' या रकान्यात आहे. लोझेच्या रजिस्टरात तो रकाना फक्त खोकं ओळखण्यापुरता होता. बाईंच्या टिपणात तो परत करण्यासाठी होता.

गोरिंग स्वतः विसेक वेळा तिथे येऊन गेला. पहिली भेट 1940च्या नोव्हेंबरातच. त्याच्यासाठी चित्रं मांडून ठेवली जायची, शॅम्पेन असायची. ऑस्ट्रियातल्या लिंझ शहरात हिटलरने योजलेल्या संग्रहालयासाठी वेगळी निवड व्हायची. आधुनिक चित्रं 'विकृत' ठरवलेली. पिकासो, माटीस, ब्राक, लेजे यांची चित्रं पडद्याआड एका दालनात कोंबलेली. त्या दालनाला बाई हुतात्म्यांचं दालन म्हणायच्या. ती विकृत चित्रंही फुकट जाऊ दिली नव्हती बरं का. गुस्ताव रोखलिट्झसारख्या दलालांना ती देऊन त्यांच्याकडून जुन्या युरोपीय गुरूंची चित्रं घेतली जायची. 1943च्या जुलैमध्ये बागेत पाच-सहाशे चित्रं जाळली गेली, असं व्हालाँबाईंनी नोंदवलं आहे. या घटनेचा मुख्य आधार त्यांचीच नोंद आहे आणि नेमकं काय आणि किती जळालं यावर अभ्यासकांत वाद आहे. निबंधात लिहाल तर तसंच लिहा. त्यांच्याबद्दल आदर आहे म्हणून त्यांच्या नोंदीला प्रश्न विचारायचे नाहीत, हे त्यांनाही पटलं नसतं.

इथे एक मुंबईचा धागा आहे, जाता जाता सांगते. ज्या राजवटीने पॅरिसात ते दालन भरलं, तिच्यामुळेच युरोप सोडलेली काही माणसं मुंबईत आली: चित्रकार वॉल्टर लँगहॅमर, समीक्षक रुडॉल्फ फॉन लायडन, संग्राहक इमॅन्युएल श्लेसिंगर. रझा, आरा, हुसेन या मंडळींना सुरुवातीच्या दिवसांत हात देणारे हेच. लूट आणि पळापळ यांचा इतिहास आपल्यापासून वाटतो तितका लांब नाही.

आता ती आगगाडी. 'द ट्रेन' या चित्रपटामुळे सगळ्यांना हीच माहीत असते, म्हणून थोडक्यात. 1 ऑगस्ट 1944 रोजी झ द पोममधून आधुनिक चित्रांची 148 खोकी पाच डब्यांत भरली. गाडीला बाकीचे डबे ज्यू घरांतून उचललेल्या सामानाचे. व्हालाँबाईंनी गाडीचा क्रमांक 40044 आणि डब्यांची माहिती झोझार यांना दिली, त्यांनी ती रेल्वेतल्या प्रतिकार चळवळीच्या लोकांपर्यंत पोचवली. इंजिन बिघडलं, रूळ मोकळा नाही, हे नाही ते नाही, असं करत गाडी पॅरिसच्या वेशीबाहेर ओल्नेपर्यंतच गेली. 27 ऑगस्टला फ्रेंच सैन्याच्या तुकडीने ती ताब्यात घेतली. तुकडीचा अधिकारी होता लेफ्टनंट अलेक्झांडर रोझनबर्ग, म्हणजे पॉल रोझनबर्ग यांचा मुलगा. खोक्यांत त्याच्या वडिलांच्या भिंतीवरची चित्रं निघाली. कादंबरीत लिहिलं असतं तर कुणी विश्वास ठेवला नसता. चित्रपटात गाडी पळते, स्फोट होतात. खऱ्या गोष्टीत ती उभी राहते, आणि ती उभी राहिली एका क्रमांकामुळे.

पॅरिस मुक्त झाल्याच्या दिवशीच आपल्याच माणसांनी बाईंवर बंदूक रोखली. इतकी वर्षं जर्मनांबरोबर राहिलेली बाई, तळघरात कुणाला लपवलं असेल म्हणून. तळघरात संग्रहालयाचा संग्रह होता.

यानंतरच्या काळाकडे बहुतेक लेख पाठ फिरवतात, आणि कारकीर्द म्हणून पाहिलं तर खरी वर्षं हीच. 1944च्या नोव्हेंबरात कलावस्तूंच्या परतीसाठी आयोग नेमला गेला, अध्यक्ष आल्बेर आँरो, आणि व्हालाँबाई त्याच्या सचिव. अमेरिकन सैन्याबरोबर आलेले जेम्स रोरिमर हे मूळचे न्यू यॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाचे क्युरेटर. त्यांना बाईंनी माहिती दिली, पण एका दमात दिली नाही. महिने घेतले, माणूस पारखला. यावर काही लेखकांनी त्यांना संशयी, तुसड्या म्हटलं आहे. मला ते पटत नाही. कोणती वस्तू कुठे दडली आहे ही माहिती बाजारात वस्तूइतकीच विकली जाते. ज्याच्या हाती ती द्यायची तो परत करणारा आहे की नेणारा, हे बघायलाच हवं होतं. त्यांच्या माहितीतलं मोठं ठिकाण म्हणजे बव्हेरियातली नॉयश्वानस्टाइनची गढी. तिथे चित्रं तर सापडलीच, पण लुटारूंची सगळी कार्डं आणि निगेटिव्हही सापडल्या. बाईंची टिपणं आणि त्यांची कार्डं शेजारी शेजारी ठेवता आली, आणि खोकं उघडण्याआधीच त्यावर मालकाचं नाव लिहिता आलं.

1945मध्ये त्या फ्रेंच सैन्याच्या अधिकारी म्हणून जर्मनीत गेल्या, पुढे कॅप्टन झाल्या आणि बराच काळ तिथेच राहिल्या. म्युनिकला नाझी पक्षाच्याच कार्यालयात जप्त वस्तूंचं मोठं केंद्र उघडलं होतं. आज त्या वास्तूत कला-इतिहासाची संस्था आहे. तिथे खोकं उघडायचं, वस्तू ओळखायची, मागच्या खुणा वाचायच्या, दाव्यांशी जुळवायची. 1946 साली पॅरिसच्या ऑरांझरी संग्रहालयात परत आलेल्या उत्तम वस्तूंचं प्रदर्शन झालं, ते या कामाचं लोकांना दिसलेलं टोक. न दिसलेला भाग म्हणजे साधारण 61,000 वस्तू जर्मनीहून फ्रान्सला आल्या आणि त्यातल्या सुमारे 45,000 मूळ मालकांना किंवा वारसांना मिळाल्या.

1952 साली त्या राष्ट्रीय संग्रहालयांच्या क्युरेटर झाल्या. विनावेतन कामाला लागून वीस वर्षं झाली होती. 1954पासून कलावस्तूंच्या संरक्षणाचा विभाग त्यांच्याकडे आला. 1961मध्ये त्यांनी आपल्या आठवणींचं पुस्तक लिहिलं. 'द ट्रेन' या 1964 सालच्या हॉलिवूडपटाला मूळ बीज त्यातलंच. निवृत्ती 1968, पण त्यानंतरही कागदपत्रं लावायला येणं चालूच. फ्रान्सने लेजियों दॉनर हा मोठा राष्ट्रीय सन्मान दिला, प्रतिकाराचं पदक दिलं. अमेरिकेने, जर्मनीनेही सन्मान केला. आणि तरी 18 सप्टेंबर 1980 रोजी त्या गेल्या तेव्हा फ्रान्समध्ये नाव घेणारे थोडेच होते. झ द पोमच्या भिंतीवर त्यांच्या नावाचा फलक लागला 2005मध्ये. गावातल्या दफनभूमीत त्यांच्याच शेजारी जॉयस हीर आहेत, अमेरिकन दूतावासात काम केलेल्या, व्हालाँबाईंची आयुष्यभराची सोबत. चरित्रांत हा भाग फार वर्षं गाळला जायचा. तुम्ही गाळू नका.

इतकी पदकं आणि इतका विसर एकत्र कसा, याचं उत्तर मला सरकारी फायलींमध्ये दिसतं. 1949च्या अखेरीला तो आयोग बंद झाला. ज्यांचे मालक सापडले नाहीत अशा वस्तूंपैकी सुमारे 13,000 सरकारने विकून टाकल्या आणि जवळपास 2,200 निवडक वस्तू संग्रहालयांकडे सांभाळायला दिल्या. त्यांना वेगळा अनुक्रमांक, 'एमएनआर', म्हणजे 'परत मिळालेल्या वस्तू, राष्ट्रीय संग्रहालयांच्या ताब्यात'. मालकी सरकारची नाही, फक्त सांभाळ. पण पुढची चाळीसेक वर्षं त्यांचे मालक शोधायची फारशी घाई कुणाला नव्हती. प्रश्न विचारत राहणारी एक निवृत्त बाई कार्यालयाला गैरसोयीची वाटते. हे फ्रान्सचंच वैशिष्ट्य आहे असं मी म्हणणार नाही. नव्वदच्या दशकात वातावरण बदललं, यादी सर्वांना खुली झाली, आणि आज त्या माहितीसाठ्याला व्हालाँ यांचंच नाव आहे. आल्बेर ग्लेझ यांचं 1911चं एक निसर्गचित्र पॅरिसच्या पाँपिदू केंद्रात, म्हणजे तिथल्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात होतं. ते आल्फाँस कान यांचं असल्याचं सिद्ध झालं आणि 1997 साली त्यांच्या वारसांना मिळालं. 2017च्या डिसेंबरात लूव्रने अशा चित्रांसाठी दोन दालनं उघडली. 2023 साली तर अशी लूट सरकारी संग्रहातून परत करण्याची वाट मोकळी करणारा स्वतंत्र कायदाच झाला. एरवी फ्रान्समध्ये सरकारी संग्रहातली वस्तू बाहेर काढणं जवळपास अशक्य असतं.

लोझेचं पुढे काय झालं, हे विचारलं नाहीत, तरी सांगते. पॅरिसच्या लष्करी न्यायालयातून 1950 साली तो सुटला, म्युनिकमध्ये चित्रांचा व्यवहार करत सुखाने राहिला आणि 2007मध्ये मेला. त्यानंतर झुरिकच्या बँकेतल्या त्याच्या एका तिजोरीत फ्रेंच चित्रकार पिसारोचं एक चित्र निघालं, एका ज्यू कुटुंबाकडून लुटलेलं. त्याच्याकडेही याद्या नीट होत्या, असणारच.

आता तुमचा शेवटचा प्रश्न, करिअर. फ्रान्समध्ये आज हा रस्ता बांधीव आहे. कला-इतिहास किंवा पुरातत्त्वाचं शिक्षण, मग राष्ट्रीय वारसा संस्थेची स्पर्धा परीक्षा, ती अतिशय अवघड, त्यानंतर 18 महिन्यांचं प्रशिक्षण, आणि मग सरकारी पद. पदाचं नाव 'काँसेर्व्हातर', शब्दशः जतन करणारा. आपल्याकडे सरकारी मराठीत क्युरेटरला अभिरक्षक म्हणतात. हा शब्द कुणी बोलत नाही, पण मला तो फार आवडतो. त्यात पहारा आहे, आणि मालकी नाही. 2002च्या कायद्याने फ्रान्समधल्या संग्रहालयांना दर 10 वर्षांनी प्रत्येक वस्तू रजिस्टरशी ताडून पाहणं सक्तीचं केलं आहे. आपल्याकडे पडताळणी होते ती बहुतेकदा साहेब बदलला की. पुण्याच्या सी-डॅक या सरकारी संगणक संस्थेने केलेल्या 'जतन' या प्रणालीमुळे अनेक संग्रहालयांची नोंद संगणकावर आली, हे चांगलं झालं. पण संगणकात तेच येतं जे रजिस्टरात लिहिलेलं असतं.

मी नवीन असताना एका संग्रहात लघुचित्रं हलवायची होती. कुणीतरी साफसफाईच्या सोयीसाठी दोऱ्याने बांधलेल्या सगळ्या चिठ्ठ्या सोडून एका ताटलीत ठेवल्या. चांगला हेतू, नीटनेटकी ताटली. जुळवायला चार महिने गेले, आणि अकरा चित्रं शेवटपर्यंत 'मूळ संग्रह अज्ञात' राहिली. ती रंगवली कुणी हे शैलीवरून अंदाजाने सांगता येतं. ती कुणी दिली, का दिली, कुठल्या वाड्यातून आली, हे त्या ताटलीत गेलं. त्या दिवसांत मी व्हालाँबाईंबद्दल पहिल्यांदा वाचलं, आणि मला आगगाडीपेक्षा ते कार्बन पेपर लक्षात राहिले.

तेव्हा घरच्यांना सांगा, करिअर आहे. पगार उशिरा सुरू होतो, पद त्याहून उशिरा, आणि कामाचा बराचसा भाग कुणाला दिसत नाही. हे ऐकूनही करावंसं वाटलं तर करा.

निबंधासाठी एक सुचवते. बाईंचं चरित्र वर्गातल्या आणखी दोघी लिहितीलच. तुम्ही एखादी वस्तू घ्या. डच चित्रकार व्हर्मीरचं 'खगोलशास्त्रज्ञ' हे चित्र घेता येईल: एदुआर द रॉथ्सचाइल्ड यांच्या घरातून झ द पोमला, तिथून हिटलरच्या यादीत, ऑस्ट्रियातल्या आल्ताउसेच्या मिठाच्या खाणीत, परत कुटुंबाकडे, आणि 1983पासून लूव्रमध्ये. चित्राच्या पाठीवर नाझींच्या स्वस्तिकाचा छोटा काळा शिक्का आहे. पाठीपासून सुरुवात करा आणि एकेक मुक्काम मांडत या. कोणत्या मुक्कामावर व्हालाँबाई उभ्या आहेत, ते आपोआप दिसेल. मूळ कागद पॅरिसजवळ ला कुर्नव्हला, परराष्ट्र खात्याच्या अभिलेखागारात आहेत, सगळे फ्रेंच नाहीतर जर्मनमध्ये. फ्रेंच येत नसेल तर या उन्हाळ्यात वर्ग लावा. याद्या वाचण्यापुरती भाषा तीन-चार महिन्यांत येते, कारण यादीत क्रियापदं फार नसतात.